काळा दगड वाचता आला पाहिजे

मुलाला दगडांची गोडी लागावी असे वाटले की आजचा पालक बहुधा एक पेटी मागवतो. तीत जांभळा अमेथिस्ट, सोनेरी पायराइट, गुलाबी स्फटिक असे चकचकीत तुकडे ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकाखाली नाव छापलेले असते. मूल आठवडाभर नावे पाठ करते, आल्यागेल्याला म्हणून दाखवते आणि मग पेटी कपाटात जाते. तो तुकडा कुठल्या डोंगरातून आला, त्याच्या वर काय होते आणि खाली काय होते, तो तिथे तयार कसा झाला, यातले काहीच पेटी सांगत नाही. दगडाला जागेपासून तोडले की त्याचे भूशास्त्र संपते आणि उरते ते फक्त रंगरूप. छत्रपती संभाजीनगरात तर हे जास्तच खटकते. देवगिरी, वेरूळ, अजिंठा आणि लोणार ज्या शहरापासून दिवसभरात पाहून येता येतात, तिथल्या मुलाला ब्राझीलच्या स्फटिकाचे नाव येते, पण घराच्या जोत्यातला काळा दगड त्याला मुका वाटतो. या लेखाचे म्हणणे असे की घरी भूशास्त्र शिकवायचे असेल तर सुरुवात या काळ्या दगडापासूनच करावी. एकाच दगडाचा प्रदेश ही शिकवण्यातली अडचण आहे असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तीच सर्वांत मोठी सोय आहे.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुढचा थर आला, त्यावर आणखी एक. यातले बहुतेक उद्रेक साधारण दहा लाख वर्षांच्या आत उरकले, असे आजची मोजमापे सांगतात. आता उरलेले हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. महाराष्ट्राचा चार-पंचमांशांहून अधिक भाग त्यांनी झाकला आहे आणि पश्चिम घाटात त्यांची एकूण जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरच्या घरात जाते. मराठवाड्याच्या पूर्व टोकाला, नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले की या थरांची कड संपते आणि खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. संभाजीनगरच्या आसपास मात्र डोंगर, टेकडी, नाला, खाण, सगळीकडे बेसाल्टच. त्यामुळे पालकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: इथे दाखवायला आहे काय? जिकडे पाहावे तिकडे तोच काळा धोंडा.

हा आक्षेप विहीर खणणाऱ्यासमोर टिकत नाही. त्याच्या लेखी हा एक दगड नाहीच. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मऊसर, भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, कुठे पहार उडवून लावणारा पाषाण, तर दोन थरांच्या मध्ये वीटकरी रंगाचा गेरूसारखा पट्टा. ही सगळी एकाच बेसाल्टची रूपे आहेत. लाव्हाचा थर वाहत असताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो, म्हणून थराचा माथा भोकांचा होतो आणि मधला भाग घट्ट राहतो. पुढे लाखो वर्षे त्या भोकांतून पाणी झिरपते आणि तिथे कॅल्साइट, गारगोटी, स्टिलबाइट, अपोफिलाइट अशी खनिजे साठतात. तेच मांजऱ्यातले पांढरे ठिपके. एक उद्रेक संपून दुसरा सुरू होईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग कुजला आणि पुढच्या थराखाली सापडून लाल पट्टा झाला. भेगांतून हवा-पाणी आत शिरले की पाषाणाचे कोपरे झडत जातात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटून आत गोल धोंडा उरतो. रस्त्यासाठी कापलेल्या कोणत्याही दरडीत हे दिसते. आणखी कुजला की मुरूम, त्याहून कुजला की काळी माती.

एकाच दगडाच्या प्रदेशाची सोय इथे कळते. दहा जातींचे दगड समोर ठेवले तर मूल फरकाचे कारण नावात शोधते: हा वेगळा दिसतो, कारण हा वेगळा दगड आहे. तिथे विचार थांबतो. दगड तोच असेल तर हे उत्तर चालत नाही. दोन्ही तुकडे बेसाल्टचेच आहेत, मग एकाला भोके का आणि दुसऱ्याला का नाहीत? एक हाताने फुटतो, दुसरा घणानेही फुटत नाही, असे का? आता कारण शोधावे लागते ते घडण्याच्या परिस्थितीत: तो थराच्या माथ्यावर होता की पोटात, लवकर थिजला की सावकाश, पाणी त्याच्यापर्यंत पोचले की नाही. भूशास्त्र म्हणजे मुळात हीच विचारपद्धत. दगडांची यादी हा तिचा परिशिष्टात जाणारा भाग आहे आणि आपण मुलांना नेमके परिशिष्ट आधी देतो.

परिसर न पाहता शिकवले तर किती चुकीचे चित्र मनात बसते, याचे उत्तम उदाहरण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी मांडले जाते. मातीचा शंकू करायचा, माथ्यावर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतायचे, लाल फेस उतू जाऊ द्यायचा, झाला ज्वालामुखी. हे पाहिलेले मूल दौलताबादला गेले की देवगिरीच्या टेकडीकडे बोट दाखवून हाच तो ज्वालामुखी म्हणते, आणि मोठ्यांनाही ते खरे वाटते. पण ज्वालामुखीच्या शंकूत थर माथ्यापासून चहूकडे उतरते असतात, तर देवगिरीचे थर आडवे आहेत. भोवतालचा खडक झिजून वाहून गेला आणि मधला तुकडा उरला, ती ही टेकडी. तिचा खालचा भाग तर माणसांनी तासून सरळ उभा केला, भोवती खडकातच खंदक कोरला. म्हणजे जे उंच आहे ते वर आलेले नाही. आजूबाजूचे गेले म्हणून ते उंच दिसते. ही एक गोष्ट मुलाच्या ध्यानात आली की त्याला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेतली सपाट माथ्याची, पायऱ्यापायऱ्यांची प्रत्येक टेकडी उलगडते. आणि महाराष्ट्र घडवणाऱ्या ज्वालामुखीला शंकू नव्हता, तो जमिनीच्या भेगांतून आला होता, हेही समजते.

लेण्यांकडे आपण शिल्प म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण ती खडकाची परीक्षाही आहेत. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणले गेले. मागचा कडा तीस मीटरहून उंच आहे. एवढ्या उंचीत मऊ किंवा फुटीर थर फार लागले असते तर काम मध्येच सोडावे लागले असते. उलट कन्नड तालुक्यातली पितळखोरा लेणी वेरुळाच्या कित्येक शतके आधीची, कारागिरीत उणी नाहीत, पण तिथला खडक कुजत आणि ढासळत गेला आणि लेण्यांचे दर्शनी भाग कोसळले. दगड दोन्हीकडे बेसाल्टच, थर वेगळे. अजिंठ्याची चित्रेही याच खडकाशी बांधलेली आहेत. भिंतीवर मातीचा गिलावा चढवून रंग भरले, त्यातले तांबडे-पिवळे गेरूसारख्या मातीचे, हिरवा बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा, आणि निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दीचा. स्थानिक काय आणि बाहेरचे काय हे मुलाला विचारायला शिकवले की इतिहास आणि भूशास्त्र हे दोन विषय उरत नाहीत. बीबी का मकबरा पाहतानाही हाच प्रश्न विचारावा: घुमटाचा संगमरवर राजस्थानकडून आणावा लागला, म्हणून तो मोजक्याच ठिकाणी वापरला, आणि बाकीच्या बांधकामाला इथला बेसाल्ट आणि चुन्याचा गिलावा चालवून घेतला.

आता घरात येऊ. काळ्या दगडाचा स्वभाव कळायला तुलनेसाठी परके दगड लागतात आणि ते प्रत्येक घरात आधीच येऊन बसलेले आहेत. पाटा-वरवंटा आणि जाते बेसाल्टचे. जुन्या घरातली शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादचा चुनखडक. ओट्याचा काळा कडप्पा आंध्रातून आलेला, तोही चुनखडकच. नव्या ओट्याचा ग्रॅनाइट बहुधा कर्नाटक किंवा तेलंगणातला. देवघरात पंचायतन असेल तर ते नद्यांच्या दगडांचे संमेलनच असते: गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचे बाण, शोण नदीचा तांबूस शोणभद्र, देवीसाठी सुवर्णमुखी आणि सूर्यासाठी स्फटिक. शाळिग्रामावरचे चक्र हे पुष्कळदा अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा असते. आज जिथे हिमालय आहे तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, याची खूण आपल्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजेत आहे. स्वयंपाकघरातले सैंधवही एका आटलेल्या प्राचीन समुद्राचे मीठ आहे. देवाच्या दगडांवर प्रयोग करायची गरज नाही. नुसते पाहणे आणि ते कुठून आले ते सांगणे पुरेसे आहे.

बाकीच्यांवर प्रयोग जरूर करावेत, आणि त्यांना खर्च येत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापले की डाग पडतो, ग्रॅनाइटवर पडत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला अनुभवाने माहीत असते. त्याचे कारण मुलाला फरशीवाल्याकडच्या फुटक्या तुकड्यांवर दाखवता येते. शहाबादीवर लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात, कारण चुनखडकातला कार्बोनेट आम्लाशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुकडा खरवडून त्या भुकटीवर रस टाकला तर बुडबुडे अधिक स्पष्ट दिसतात. बेसाल्टवर काही होत नाही, पण मांजऱ्यातल्या एखाद्या पांढऱ्या ठिपक्यावर फेस येतो; तो ठिपका कॅल्साइटचा. फेस आला नाही आणि त्या ठिपक्याने काचेवर ओरखडा पडला, तर ती गारगोटी. दुसरा प्रयोग लोहचुंबकाचा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नाल्यातल्या कोरड्या वाळूतून फिरवला की काळे कण चिकटून येतात. ते मॅग्नेटाइटचे, बेसाल्ट झिजल्यावर मागे राहिलेले. तिसरा प्रयोग वजनाचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दगडाचे वजन करावे, मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरावा. काट्यावर जितके ग्रॅम वाढतात तितके घन सेंटिमीटर दगडाचे आकारमान. घट्ट पाषाणाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या जवळजवळ तिप्पट भरते, ग्रॅनाइटचे त्याहून कमी, आणि भोकाभोकांच्या तुकड्याचे आणखी कमी.

या सगळ्यांत महत्त्वाचा धडा ओटा आणि पाटा शेजारी ठेवून मिळतो. ग्रॅनाइटमध्ये पांढरे, करडे, काळे दाणे डोळ्यांनी सुटे दिसतात. बेसाल्टमध्ये दाणे असतात, पण इतके बारीक की भिंगाखालीही जेमतेम कळतात. कारण ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर फार सावकाश थिजला, तर बेसाल्ट उघड्यावर लवकर. हे केवळ सांगून पटत नाही, करून पटते. तुरटी गरम पाण्यात मुरेल तितकी विरघळवावी. एक पेला फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावा, दुसरा बर्फाच्या पाण्यात ठेवून लगेच थंड करावा. पहिल्यात मोजकेच पण मोठे स्फटिक येतात, दुसऱ्यात बारीक चुरा. तुरटी लाव्हा नाही आणि दोन्हींत फरक आहे, हेही मुलाला सांगावे. पण सावकाश थंड होणाऱ्या द्रवात स्फटिकाला वाढायला वेळ मिळतो, हे तत्त्व दोन्हीकडे लागू आहे. प्रत्येक प्रयोगाआधी मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा आणि नंतर काय झाले ते लिहावे. अंदाज चुकला तर तो खोडायचा नाही. चुकलेला अंदाज आणि त्याचे कारण, हीच त्या वहीची खरी किंमत.

इथे दुसरा आक्षेप येतो. पालकांनाच यातले काही येत नाही, तर ते शिकवणार काय? हा आक्षेप शिक्षणाच्या एका जुन्या कल्पनेवर उभा आहे, की शिकवणाऱ्याला आधी सगळे आले पाहिजे. दगडांच्या बाबतीत पालकाला उत्तरे यायची गरज नाही. हा कुठे सापडला, त्याच्या वर-खाली काय होते, आधी काय घडले आणि नंतर काय, हे कशावरून म्हणायचे, एवढे प्रश्न विचारता आले तरी पुरे. शिवाय माहितीचा जिवंत साठा घराबाहेर फार लांब नाही. गावाकडे आजोबांना विचारावे की आपली विहीर खणली तेव्हा किती हातांवर काय लागले. बहुतेकांना ते पक्के आठवते, कारण प्रत्येक हाताला पैसे आणि घाम मोजलेला असतो. मुलाने त्याचे उभे चित्र काढावे: माती इतकी, मुरूम इतका, मांजऱ्या इतका, पाषाण कुठे लागला, पाणी कुठे लागले. हे चित्र म्हणजे भूशास्त्रज्ञ ज्याला स्तरांचा छेद म्हणतो तोच. वडार आणि पाथरवट समाजातल्या कारागिरांना कुठला दगड कुठे फुटेल हे घणाच्या आवाजावरून कळते. त्या ज्ञानाला वर्गात जागा मिळाली नाही म्हणून ते कमी शास्त्रीय ठरत नाही. मुलाने ते ऐकावे, लिहून ठेवावे आणि तपासून पाहावे.

मराठवाड्यात हा अभ्यास हौसेपुरता राहू शकत नाही, याचे कारण पाणी. बेसाल्टच्या प्रदेशात जमिनीखाली नदी किंवा तळे नसते. पाणी साठते ते मुरमात, कुजलेल्या मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. भेगा नसलेल्या घट्ट पाषाणात पाणी जवळपास नसतेच. म्हणून शेजारच्या शेतात बोअरला पाणी लागते आणि आपल्या शेतात तीनशे फुटांवरही धुरळा उडतो. यात नशीब फारसे नाही, थर आणि भेगा आहेत. तरीही बोअर घ्यायची म्हटले की हातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला बोलावले जाते आणि अंदाज चुकला की आणखी शंभर फूट खोल जाण्याचा आग्रह होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूशास्त्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, पण त्यांचा सल्ला समजून घ्यायला ऐकणाऱ्याला थरांची भाषा थोडी तरी यावी लागते. हीच समज या शहराच्या पायाशी होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, वसवली तेव्हा उत्तरेच्या डोंगरातले झिरपे भूमिगत नहरींत गोळा करून, निव्वळ उताराच्या जोरावर, पाणी शहरात आणले. पाणचक्की अशाच नहरीच्या पाण्यावर फिरली. डोंगरात पाणी कुठे मुरते आणि कुठे बाहेर येते, हे ओळखल्याशिवाय असे काम होत नाही. पाणचक्कीला जाऊन मुलांना फक्त हौद दाखवायचा आणि हे सांगायचे नाही, म्हणजे सहलीचा खर्च वाया घालवणे.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली. क्षमतेच्या मानाने मृत्यू इतके जास्त होते, कारण लोक घरांत झोपलेले होते आणि ती घरे गोल-वाकड्या धोंड्यांची, मातीत रचलेली, वर माळवदाचे जड ओझे असलेली होती. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आडवे लांब दगड त्यांत नव्हते, त्यामुळे धक्का बसताच भिंती मधूनच उकलल्या. दख्खनचे पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, या समजाला १९६७ च्या कोयनेने तडा दिला होता. किल्लारीने तो मोडला. पायाखालचा खडक आणि भिंतीतला दगड यांबद्दल समाज किती जाणतो, यावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून असते, याचा याहून स्पष्ट पुरावा लागत नाही.

तिसरा आक्षेप गुणांचा आणि वेळेचा. राज्य मंडळाच्या सहावीच्या भूगोलात खडकांच्या प्रकारांचा पाठ आहे, तेवढे पुरे नाही का? पाठ चांगला असतो, पण पाठाला सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच भाषा वापरावी लागते. आपल्या नाल्यात कुठला थर उघडा आहे हे त्यात येणार नाही. ते घरच सांगू शकते. वेळ म्हणाल तर यासाठी वेगळा वर्ग लागत नाही. वेरूळला एरवीही जायचेच असते, फक्त तिथे पाच मिनिटे कड्याकडे पाहायचे असते. मोबाइलवर याहून चांगले व्हिडिओ आहेत, हेही खरे. पण पडद्यावर दगडाचे वजन कळत नाही, ओल कळत नाही, आणि मुख्य म्हणजे पडद्यावरच्या दगडाला उत्तर आधीच चिकटवलेले असते.

चौथा आक्षेप हळुवार आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, लोणारचे विवर विष्णूने लवणासुराला मारले तिथे झाले, अशा कथा घरात सांगितल्या जातात. मग मुलाला कोट्यवधी वर्षांचा हिशेब सांगायचा म्हणजे आजीला खोटे ठरवायचे का? तसे करण्याची गरज नाही. लवणासुराच्या कथेने लोणारच्या पाण्याचा खारटपणा नीट टिपला आहे; निरीक्षण अचूक आहे, स्पष्टीकरण वेगळ्या पद्धतीचे आहे. शास्त्रालाही लोणार एका दमात कळले नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे बराच काळ मानले जाई. विवरात भोके पाडून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघाताच्या दाबाने बदललेली खनिजे सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा उल्कापाताचे मत पक्के झाले. विवराच्या वयावर तर अजून वाद आहे: एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षांचे येते, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजारांचे. हा वाद मुलांपासून लपवू नये, उलट आवर्जून सांगावा. पुरावा बदलला की मत बदलायचे आणि दोन मोजमापे जुळत नसतील तर तसे म्हणायचे, ही सवय बेसाल्टचे रासायनिक घटक पाठ असण्यापेक्षा जन्मभर उपयोगी पडते.

एक आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा. दगड गोळा करण्याच्या उत्साहात नुकसान होते. लेणी, किल्ले, लोणार आणि गौताळा अभयारण्य इथून एकही खडा उचलू नये. तिथे पाहावे, चित्र काढावे, फोटो घ्यावा. चालू खाणीत मुलांना नेऊ नये, पावसाळ्यात दरडीखाली थांबू नये आणि दगड उलटताना हात न घालता काठी वापरावी, कारण खाली विंचू असू शकतो. अपोफिलाइट-स्टिलबाइटचे सुंदर झुबके पाहायचे असतील तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे. नेवाशाला प्रवरेकाठी डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात केलेल्या उत्खननाची माहिती मुलांना जरूर द्यावी: बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेला गारगोटीच्या जातीचा दगड धारदार फुटतो, हे अश्मयुगातल्या माणसाने ओळखले होते आणि त्यापासून हत्यारे केली होती. पण नदीकाठी तसे काही दिसले तर खिशात घालू नये, पुरातत्त्व खात्याला कळवावे. घरच्या संग्रहासाठी रस्त्यावरची खडी, बांधकामावरचा मुरूम आणि शेतातले चुनखडीचे खडे पुष्कळ झाले. फक्त प्रत्येकाला चिठ्ठी हवी: ठिकाण, तारीख, वर-खाली काय होते. नाव ठाऊक नसले तरी चालेल. ठिकाण ठाऊक नसलेला दगड अभ्यासाला निरुपयोगी असतो.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्या पालकांना एक सुचवणे आहे. घरी, शेतात किंवा सोसायटीत पुढची बोअर घेतली जाईल तेव्हा मुलाला सुरक्षित अंतरावर सोबत न्या. दर दहा फुटांवर बाहेर येणारा मूठभर चुरा वेगळ्या पुडीत भरायला सांगा आणि पुडीवर खोली लिहायला सांगा. घरी आल्यावर ते चुरे ओळीने मांडा, रंग पाहा, चुंबक फिरवा, लिंबाचा थेंब टाका, आणि पाणी कुठल्या पुडीजवळ लागले ते वहीत लिहून ठेवा. ती वही जपून ठेवा. पुढच्या वेळी बोअर कुठे घ्यायची यावर घरात वाद होईल, तेव्हा नारळापेक्षा ती जास्त खात्रीचे सांगेल.